प्रबंधाचे भाषा-संपादन : साहाय्य आणि मर्यादा

अध्यापनाचे काम सांभाळून पीएच.डी.चा प्रबंध सिद्ध करणाऱ्या शिक्षकांना, तोच मजकूर वर्षानुवर्षे हाताळल्यामुळे, त्यातील दोष दिसेनासे होतात. अशा वेळी भाषा-संपादकाचे साहाय्य घेणे गैर नाही. मात्र त्याची मर्यादा प्रारंभीच ठरली पाहिजे.

शुद्धलेखन, वाक्यरचना, परिभाषेतील एकवाक्यता आणि संदर्भसूचीची मांडणी ही संपादकाची कामे होत. पुरावा, विश्लेषण व निष्कर्ष ही सर्वस्वी संशोधकाची जबाबदारी होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार, प्रबंध हे आपले स्वतःचे मूळ कार्य असल्याचे हमीपत्र विद्यार्थ्यास द्यावे लागते. संपादकाने प्रकरणेच लिहून दिली, तर ते हमीपत्र खोटे ठरते व पदवीच धोक्यात येते.

म्हणून प्रथम मार्गदर्शकांची संमती घ्यावी. आशयाला त्यांची मान्यता मिळाल्यावरच मजकूर संपादकाकडे सोपवावा. आरंभी काही पृष्ठे नमुन्यादाखल तपासून घ्यावीत. कामाची व्याप्ती, मुदत आणि पृष्ठागणिक मोबदला लेखी ठरवावा. प्रत्येक दुरुस्ती खुणेसह दर्शविली जावी, शंका समासात नोंदविल्या जाव्यात आणि मूळ प्रत संशोधकाने स्वतःजवळ जपून ठेवावी. ‘तात्पर्य’ आणि ‘निष्कर्ष’ यांसारख्या शब्दांच्या अदलाबदलीनेही अर्थ पालटतो. यास्तव प्रत्येक बदल वाचूनच स्वीकारावा. अशा साहाय्याचा ऋणनिर्देशात प्रांजळ उल्लेख करावा.

मौखिक परीक्षेच्या वेळी संपादक शेजारी नसतो. प्रबंधातील प्रत्येक विधानाचे उत्तर तेथे संशोधकालाच द्यावयाचे असते.