चार विजय आणि एक राहिलेली सीट

गोराईच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वन लागलं की कुणीतरी हटकून विचारतंच, 'यात आपला कोण रे?' सध्या कुणीच नाही. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये उतरला, करुण चंढोक २०१० मध्ये. बस्स, आपली यादी संपली. मग मी जेहान दारुवालाचं नाव काढते आणि उत्तर येतं, 'तो एफ-वनला पोचला कुठे?'

बॉस, एवढ्यावर निकाल नका लावू. आधी रेकॉर्ड नीट वाचा.

१९९८ मध्ये जन्मलेला हा मुंबईचा मुलगा. ज्या शहरात गोराई डेपो ते बोरिवली स्टेशन तिसरा गिअर पडला तरी दिवाळी, तिथला! २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या टॅलेंट हंटमधून निवडलेल्या तिघांपैकी एक. २०१७ मध्ये न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत दोन विजय, सीझनअखेर तिसरा.

खरी गंमत फॉर्म्युला टूची. इथे सगळ्यांना सारखीच गाडी, मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं टर्बो इंजिन. त्यामुळे 'गाडीच भंगार होती' ही सबब फारशी चालत नाही. ६ डिसेंबर २०२० ला बहरीनमध्ये, साखिरला जेहान पहिला आला. एफ-टू रेस जिंकणारा पहिला भारतीय. (हीच सीरिज जीपी-टू म्हणून ओळखली जायची तेव्हा चंढोकही जिंकला होता, हे मात्र सगळे विसरतात.)

त्या दिवशी दुसरा आला त्याचाच टीममेट युकी त्सुनोदा. दोघंही रेड बुलचे ज्युनिअर. पण सीझनअखेर त्सुनोदा तिसरा आणि जेहान बारावा. पुढच्या मार्चमध्ये त्सुनोदा एफ-वनच्या गाडीत बसला होता! एफ-वनच्या सुपर लायसन्ससाठी तीन वर्षांत ४० पॉइंट्स जमवावे लागतात. एफ-टूतले पहिले तिघं ते एकाच सीझनमध्ये कमावतात, सातव्याला मिळतात जेमतेम ८. जेहान २०२१ मध्ये सातवा आणि २०२२ मध्येही सातवाच.

त्याच्या चार विजयांपैकी पहिले तीन रिव्हर्स ग्रिडचे, म्हणजे पुढच्यांना मागे आणि मागच्यांना पुढे उभं करून सुरू होणाऱ्या रेसमधले. टीकाकार तेच धरून बसतात. त्यांनी २०२२ चं मॉन्झा पाहावं. फीचर रेस, अंतर जास्त, टायर बदलायला पिट स्टॉप सक्तीचा, आणि पहिला जेहान. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला त्यानं मॅक्लरेनची एफ-वन गाडीही चालवली, पण टेस्टपुरतीच.

आणि नंबरातच सगळं असतं म्हणावं, तर २०२२ चा चॅम्पियन फेलिपे द्रुगोविच. त्यालाही एफ-वनमध्ये रेस सीट मिळाली नाही. सीट्स वीस-बावीस, त्यात जुने हलत नाहीत आणि स्पॉन्सरचा खिसा वेगळाच.

जेहान २०२४ मध्ये मासेराटीकडून फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचा अख्खा सीझन पळाला. पुढच्या सीझनला टीमनं दोन्ही ड्रायव्हर बदलले.