लडाखचे बर्फाचे स्तूप

लेहला जाऊन आलेले आपले उपासक-उपासिका तिथल्या गोंपांची छायाचित्रे हौसेने दाखवतात. त्या गोंपांखालच्या शेतांचे पाणी आटत चालले आहे, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही.

लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. जवाची शेती पिकते ती हिमनद्यांच्या पाण्यावर. पृथ्वीचे तापमान वाढले तशा या हिमनद्या आक्रसून वर सरकल्या. इतक्या उंचावरचा बर्फ जूनशिवाय नीट वितळत नाही आणि पेरणी असते एप्रिल-मे महिन्यांत. ऐन पेरणीला पाट कोरडे! हिवाळ्यात मात्र ओढ्याचे पाणी कोणाच्याच कामी न येता वाहून जाते.

हे वाया जाणारे पाणी चेवांग नोरफेल या सरकारी अभियंत्याने हेरले. १९८७ साली फुक्त्से गावी त्यांनी ओढ्याचे पाणी सावलीच्या उतारावर वळवले, दगडी बांध घालून थोपवले व गोठवले. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी ही कल्पना उभी केली. वरच्या ओढ्यातून नळाने पाणी खाली आणायचे. उताराच्या दाबानेच ते कारंज्यासारखे उडते. रात्रीच्या कडाक्यात ते गोठून शंकूच्या आकाराचा डोंगर तयार होतो. पंप नाही, वीज नाही. शंकूला ऊन कमी लागते, म्हणून तो वसंतापर्यंत टिकतो. आकारावरून लोक त्याला स्तूपच म्हणू लागले. फ्यांगच्या गोंपाने या कामाला साथ दिली, याचे आम्हाला विशेष वाटते.

अर्थात हा कायमचा इलाज नव्हे. थंडीच कमी झाली तर स्तूप तरी कसा गोठणार?

आणि पाणी साठले तरी ते कोणाला मिळणार, हे आम्ही विचारणारच. चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांचे आपण वारस आहोत. लडाखी गावात पाण्याच्या पाळ्या लावणारा चुरपोन असतो. ही पद्धत चांगली आहे. पण पाळी शेताबरोबर चालते. बुद्धाच्या त्या भूमीतही मोन, गारा, बेडा या समाजांना हलके लेखतात, आणि बेडा तर परंपरेने भूमिहीन. ज्याला शेतच नाही त्याला पाळी कुठली? नवे पाणी सामूहिक श्रमाने येते, तेव्हा नवी वाटणीही करता येईल.

उन्हाळ्यात लेहला सहल नेणाऱ्या आपल्या मंडळांना एक सुचवावेसे वाटते. पर्यटकांच्या शॉवर-फ्लशसाठी तिथे बोअरवेल खोदल्या जातात. आपल्या लोकांनी बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी आणि जिथे लडाखी पद्धतीचे कोरडे शौचालय असेल तिथे नाक न मुरडता तेच वापरावे. त्याचे खत शेताला जाते.