एकवीसचे झाले अठ्ठेचाळीस

कोथरूडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. स्टेशन जागचं हललं की गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर आलेलं स्टेशन मात्र हललेलंच होतं, आणि गंमत तीच. हायड्रोजनचा अणू बोलतो १४२० मेगाहर्ट्झवर, लहर २१ सेंटिमीटरची. २०२३ मध्ये जाहीर झालेला एका दीर्घिकेचा संदेश सापडला ६२० वर. म्हणजे लहर ४८ सेंटिमीटर! वाटेतल्या ८८० कोटी वर्षांत विश्व ताणलं, तशी तीही ताणली. यालाच ताम्रसृती म्हणतात. मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वानं भिंगाचं काम केलं, म्हणून इतका क्षीण आवाज पोचला. विश्व ताणतंय म्हणजे महास्फोट झालाच, हे मात्र आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मानत नसत. असे वाद हवेतच. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला जाऊन या. ४५ मीटरच्या तबकड्या बघा. मोबाइल तेवढा बंद ठेवा.