डहाणूचं औष्णिक वीज केंद्र आणि ‘शाश्वत’ उद्योग: कंपनीचा शब्द खरा ठरतो तो कशामुळे?

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली तीन शब्द हमखास दिसतात: शाश्वतता, ईएसजी आणि डिजिटल देखरेख. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन कसोट्यांवर कंपनी कशी वागते याचा हिशेब. पण अहवालात लिहिलेलं प्रत्यक्षात उतरतं का? याचं उत्तर शोधायला पालघर जिल्ह्यातला डहाणू तालुका उपयोगी पडतो, कारण तिथे हा प्रश्न तीस वर्षांहून जास्त काळ गाजतो आहे.

डहाणू वेगळा का?

चिकूच्या बागा, खाड्या, मासेमारी आणि वारली पाडे अशी या तालुक्याची ओळख. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू हा पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका जाहीर केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली. लाल गटाला बंदी, नारिंगी गटाला मंजुरीची अट. उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठरली. तालुक्याभोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्याचाही अधिसूचनेत विचार होता, म्हणून शेजारच्या तलासरीचाही याच्याशी संबंध येतो.

नियम झाले, पण ते पाळले जातात की नाही हे पाहणार कोण? हा प्रश्न जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार डिसेंबरमध्ये ‘डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण’ स्थापन झालं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते.

वीज केंद्रात नेमकं काय घडलं?

डहाणूत ५०० मेगावॉटचं कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. केंद्र उभारलं बीएसईएसने. पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेलं.

कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तो श्वसनाला घातक आणि पिकांच्या पानांनाही त्रासदायक. तो रोखणाऱ्या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं. किनाऱ्यावरच्या केंद्रात धूर या पाण्यातून नेला की वायू पाण्यात विरघळतो. मग त्या पाण्यात हवा खेळवतात, वायूचं रूपांतर निरुपद्रवी सल्फेटमध्ये होतं आणि पाणी पुन्हा समुद्रात सोडलं जातं. डहाणूत हीच पद्धत वापरली गेली.

ही यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. काम रेंगाळलं. अखेर २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीकडे ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. तंत्रज्ञान आधीपासून उपलब्ध होतं. काम हललं ते विलंबाची किंमत कंपनीच्या खिशाला लागणार हे दिसल्यावर.

देशभरातल्या कोळसा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आली ती डिसेंबर २०१५ मध्ये. मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली.

आताचे नियम पुरेसे आहेत का?

२०२२-२३ पासून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा जबाबदारी अहवाल बंधनकारक केला. जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या धुराड्यांवर चोवीस तास मोजणी करणारी उपकरणं असतात आणि आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. माहिती वाढली, हा मोठा फायदा.

पण अहवाल एका कंपनीपुरता असतो. २०२४ मध्ये अदानी एनर्जी सोल्यूशन्सने डहाणूचं केंद्र आपल्या मुंबईच्या वीज कंपनीतून वेगळं काढलं. कारण काहीही असो, अशा फेरबदलानंतर केंद्राचं उत्सर्जन जुन्या कंपनीच्या थेट हिशेबातून बाहेर पडतं. केंद्र मात्र जागच्या जागीच असतं. त्यामुळे आकडा घटलेला दिसला की विचारायला हवं: धूर कमी झाला, की नुसता मालक बदलला?

पुढची परीक्षा कोणती?

वाढवण बंदर. १९९८ मध्ये प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. सरकार रोजगार आणि व्यापाराचं गणित मांडतं, तर मच्छीमारांना आपली मासेमारीची जागा जाण्याची भीती आहे.

बंदरासोबत अटींची लांबलचक यादीही आली आहे. त्या पाळल्या जातील का, हे अहवालाच्या भाषेवरून कळणार नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतील: मोजणी कोण करतं, आकडे गावकऱ्यांना पाहता येतात का, आणि अट मोडली तर पैसे कोणाचे जातात. वीज केंद्राच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट झालं, तेव्हाच यंत्रणा उभी राहिली.