खेड्यांतील शाळा आणि तिचें अंतर

सुशिक्षित कुटुंबांत मुलांच्या शाळेचा विषय निघाला म्हणजे माध्यम कोणतें, फी किती आणि निकाल कसा लागतो, एवढेच प्रश्न बहुधा पुढें येतात. शाळा घरापासून किती दूर आहे हा प्रश्न शहरांत गौण असतो. दाराशीं गाडी येते आणि मुलांस घेऊन जाते. परंतु कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगास शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड असे जे डोंगराळ तालुके आहेत, तेथील वाड्यावस्त्यांवर हाच प्रश्न सर्वांत मोठा होऊन बसला आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडावे असें आम्हांस वाटतें.

या जिल्ह्यास प्राथमिक शिक्षणाचा वारसा थोर आहे. बडोद्यास श्रीसयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत असेंच बिल आणलें, पण तें पुढील वर्षीं फेटाळलें गेलें. इंग्रज सरकारास जें करवलें नाहीं तें श्रीशाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत केलें. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९१८ सालीं करवीर तालुक्यांतील चिखली येथें त्या योजनेंतील पहिली शाळा उघडली. मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. त्या काळच्या शेतमजुरास तो हलका नव्हता. १९१९ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. आपल्या पांढरपेशा समाजांतील सर्वच लोक या गोष्टींस अनुकूल होते असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण त्यांची फळें मात्र पुढें सर्वांनीं चाखलीं.

१ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. १९५६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतून चंदगड तालुका निघून कोल्हापुरास जोडला गेला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. आज जिल्ह्याचे तालुके बारा असून, प्रत्येक तालुक्यास पंचायत समिती, तेथें गटशिक्षणाधिकारी, आणि त्यांच्या हाताखालीं केंद्रप्रमुख अशी रचना आहे. आसपासच्या कांहीं शाळा मिळून एक केंद्र होतें. वाडीवरील शाळेंत आरंभींच्या इयत्ता, पुढील इयत्ता मोठ्या गांवीं, आणि हायस्कूल गारगोटी, गडहिंग्लज, मलकापूर अशा बाजाराच्या गांवीं, अशी ही शिडी आहे. तिची सर्वांत खालची पायरी आज डळमळूं लागली आहे.

तिचें कारण उघड आहे. कर्तीं माणसें पोटासाठीं कोल्हापूर, पुणें, मुंबई गांठतात. मागें राहिलेल्या घरांत मुलेंही पूर्वीपेक्षां कमी. आणि ज्यांस चार पैसे परवडतात ते तीं इंग्रजी शाळेच्या गाडींत बसवितात. पट उतरत जातो. २०२३ च्या सप्टेंबरांत राज्याच्या शिक्षणखात्यानें वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याविषयीं जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागविले, तेव्हां शिक्षकांत व पालकांत मोठी खळबळ उडाली.

या कल्पनेच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें नव्हे. आम्ही शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलें असल्यामुळें लहान शाळेचे हाल जाणून आहों. चार इयत्ता, सातआठ मुलें व दोन शिक्षक. त्यांतला एक तालुक्यास बैठकीला गेला कीं दुसऱ्यानें शिकवावें, खिचडीचा हिशेब ठेवावा आणि वर पाठवावयाचे तक्ते भरावे. तिसरींत एकटीच मुलगी असली म्हणजे तिच्याशीं चढाओढ करावयास कोणी नाहीं आणि खेळावयासही कोणी नाहीं. अशा शाळेस केवळ ती आपल्या गांवची म्हणून आदर्श म्हणणें हें मुलांच्या हिताचें नाहीं.

परंतु नकाशावरील अंतर व पायांखालचें अंतर एक नसतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालीं महाराष्ट्रानें केलेल्या नियमांप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत असावी लागते. गगनबावड्याच्या पावसांत एका किलोमीटरांत दोन ओढे आडवे येतात. राधानगरीच्या रानांतून गवे शेतांत उतरतात. आजरा-चंदगडाकडे हत्ती येतात. सहा वर्षांचें मूल अशा वाटेनें एकटें धाडण्यास कोणती आई धजेल? ज्या चिखलीनें १९१८ सालीं पहिला धडा गिरविला, तें गांवही २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्यानें वेढलें गेलें होतें. त्यांतून मुलगा कसाबसा पाठविला जाईल, पण मुलगी घरीं राहील. पांचवीपासून पुढें मुलींस एस्.टी.चा प्रवास मोफत आहे, ही गोष्ट चांगली. पण पास हातीं असला म्हणून वाडीवर वेळेस गाडी येतेच असें नाहीं, आणि पहिलीच्या मुलीस तर तो पासही नाहीं.

अमेरिकेंत असें एकत्रीकरण मोठ्या प्रमाणावर झालें. १९४० च्या सुमारास तेथें शाळांचे एक लाख सतरा हजार स्वतंत्र विभाग होते; आज ते सुमारें तेरा हजार उरले आहेत. परंतु तेथें मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १८६९ सालींच मुलांच्या ने-आणीवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास मुभा दिली होती. म्हणजे गाडीचा विचार पुष्कळ आधीं झाला. हा क्रम आपण उलटा करूं नये.

दुसरा मार्ग तर आपल्याच मातींत सांपडतो. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यांतील बहिरेवाडीचे. गारगोटीचें मौनी विद्यापीठ हेंही त्यांच्याच कर्तृत्वाचें फळ. त्या आयोगानें शाळासंकुलाची कल्पना मांडली. तिचा मथितार्थ असा कीं, मोठ्या शाळेनें भोंवतालच्या लहान शाळांस शिक्षक, ग्रंथ व साधनें यांचें साह्य द्यावें. तींत लहान शाळेस कुलूप घालावयाचें नव्हतें, तर तिचें एकटेपण घालवावयाचें होतें. गायनाचा, चित्रकलेचा किंवा इंग्रजीचा चांगला शिक्षक आठवड्यांतून एक दिवस वाडीवर जाऊं शकतो. आणि शनिवारीं सर्व वाड्यांचीं मुलें केंद्रशाळेंत एकत्र आणून त्यांस खेळ व सोबत देतां येते.

यावरही एखादी शाळा हलविणें अटळच झालें, तर एक कसोटी लावावी असें आम्ही सुचवितों. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा एक संपूर्ण पावसाळा मुलांची गाडी नियमितपणें चालवून दाखवावी, त्या चार महिन्यांत मुलींची हजेरी उतरली नाहीं असें हजेरीपटावरून सिद्ध करावें, आणि मगच जुन्या शाळेचें दार बंद करावें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मूळ गांवें याच भागांत आहेत. कुळधर्मास किंवा ग्रामदेवतेच्या यात्रेस आपण सहकुटुंब जातों, देवास नारळ ठेवतों आणि परततों. पुढच्या खेपेस शाळेच्या दिवशीं जावें, तास-दोन तास तेथें बसावें, पट किती व शिक्षक किती हें विचारावें, आणि पावसांत मुलें कशीं येतात हें गुरुजींच्या तोंडून ऐकावें. घरांतील एखादी निवृत्त आत्या वा काका महिनाभर तेथें राहून मुलांकडून वाचन करवून घेईल, तर ती सेवाही लहान नव्हे. आपलीं मुलें त्या शाळेंत नाहींत, म्हणून तो प्रश्न आपला नाहीं असें मात्र म्हणूं नये. आपल्यांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं अशाच शाळेच्या ओसरीवर धुळाक्षरें गिरविलीं आहेत.