झाकलेली छायाचित्रं

ऑगस्ट १९४४ मध्ये आउशवित्झ-बिर्केनाऊ छळछावणीतल्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून चार छायाचित्रं टिपली: उघड्यावर जळणारी प्रेतं, गॅसकोठडीकडे नेल्या जाणाऱ्या विवस्त्र बायका. टूथपेस्टच्या नळीत लपवून ती फिल्म छावणीबाहेर गेली. आज ही छायाचित्रं मोबाइलवर कुणालाही क्षणात सापडतात आणि तितक्याच झटकन बोटाखालून सरकून जातात. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी २०१४ मध्ये ती चार मोठ्या कॅनव्हासवर उतरवली, मग काळ्या, करड्या, लाल, हिरव्या रंगांचे थर ओढत पुरती झाकून टाकली. जवळून पाहिलं तर रंग खरवडल्यासारखा दिसतो, वरच्या करड्या थराच्या फटींतून खालचा लाल डोकावतो. मूळ दृश्याचा मात्र मागमूसही उरत नाही.

पुरावा झाकणं म्हणजे तो पुसणंच नव्हे का? आक्षेप रास्त आहे. पण रिख्टर ती छायाचित्रंही चित्रांसोबत मांडतात. पाहणाऱ्याची नजर दोन्हींमध्ये येरझारा घालते आणि मोबाइलवर न मिळणारा वेळ त्या मृतांच्या वाट्याला येतो. माझ्या मते या चित्रांचं खरं काम हेच. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: रिख्टर यांनी स्वतःच या चित्रांच्या डिजिटल प्रती काढल्या, प्रत्येकीचे चार भाग करून मूळ चित्रांसमोर लावल्या. मग मोबाइलच्या पडद्यावरच्या प्रतिमेला या चित्रांचा विरोध कसला? मला यात विसंगती दिसत नाही. समोरासमोर पाहताना प्रतीतला रंग सपाट आणि गुळगुळीत भासतो, हाताने ओढलेल्या थराची जाडी तिथे नसते. प्रतीत काय हरवतं, हे मूळ चित्र समोर असल्याशिवाय कळलंच नसतं.