नर्मदेकाठची अर्धी कवटी

अमळनेरची बोरी नदी तापीला मिळते आणि तापीच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की नर्मदेचे खोरे लागते. भारतातील आदिमानवाच्या कवटीचा सर्वांत महत्त्वाचा जीवाश्म याच खोऱ्यात, मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यातल्या हथनोरा गावाजवळ, ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना सापडला. घट्ट सांधलेल्या गोट्यांच्या थरात कवटीच्या घुमटाची उजवी बाजू रुतलेली होती. जबडा व दात मिळाले नाहीत, मात्र त्याच थरातून दगडी हातकुऱ्हाडी आणि प्राण्यांची अश्मीभूत हाडे निघाली.

सोनकियांनी ही कवटी ‘होमो इरेक्टस’ या, आधुनिक मानवापूर्वीच्या ताठ चालणाऱ्या जातीची ठरवून तिला ‘नर्मदेन्सिस’ हे उपजातीचे नाव दिले. जाड हाडे आणि भुवयांवरचा ठळक कंगोरा त्यांच्या बाजूने बोलतो. परंतु मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या पोकळीचे आकारमान ११५५ ते १४२१ घन सेंटीमीटरच्या दरम्यान मांडून ती आपल्याच ‘होमो सेपियन्स’ जातीच्या जुन्या रूपाची असल्याचे प्रतिपादन केले. अंदाजातील ही रुंद फट अर्ध्या कवटीवरून उरलेली बाजू कल्पावी लागल्याने पडते, आणि म्हणूनच एकट्या नमुन्यावरून उपजातीचे नाव देणे घाईचे होते असे म्हणावे लागते.

वयाचा पेच याहून अवघड आहे. ही कवटी सामान्यतः मध्य प्लाइस्टोसीन, म्हणजे सुमारे पावणेआठ लाख ते सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या, कालखंडातील मानली जाते. तथापि नदी जुन्या थरातील हाड उकरून नव्या थरात नेऊन टाकते, त्यामुळे गोट्यांचे वय आणि हाडाचे वय एकच असेल याची हमी राहत नाही. पुढे मानवशास्त्रज्ञ अनेक राम सांख्यान यांना हथनोऱ्यातच गळ्याजवळची हाडे, म्हणजे हासळ्या, मिळाल्या. त्या लहान चणीच्या माणसाच्या आहेत, पण कवटी त्याच व्यक्तीची होती असे त्यांवरून सिद्ध होत नाही.

इकडे तापीच्या खोऱ्यात, खानदेशातील चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे शां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले, ज्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे आहे. ती नक्षी कोरणारे हात आधुनिक मानवाचे होते. त्यांच्या फार आधीच्या माणसाचा मागोवा घ्यायचा तर तापी-पूर्णेच्या जाड गाळथरांकडे, पावसाळ्यात दरडी ढासळून उघड्या पडणाऱ्या गोट्यांच्या पट्ट्यांकडे, अभ्यासकांनी दरवर्षी नियमाने पाहायला हवे.